बिब्बा ते गाजर गवत : अंगावर उतलेल्या वनस्पतींचा इतिहास

१/ अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यात प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले देवळाली प्रवरा हे गाव आहे. (नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली ती वेगळी.) पावसाळा लागला की या परिसरात उसाच्या बांधांवर, कालव्याच्या भरावांवर आणि रस्त्यांच्या कडांना गाजरासारख्या पानांचे, बारीक पांढऱ्या फुलांचे एक झुडूप माजते. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत. 'हे अमेरिकेच्या गव्हातून आले' हे वाक्यही त्याच्याबरोबर हमखास ऐकू येते. आजचा धागा या वाक्याच्या खरेखोटेपणाविषयी आहे. त्याहून अधिक, या झुडपाने शेतात राबणाऱ्या माणसांच्या अंगावर जे उठवले, त्याविषयी आहे.

२/ आरंभ मात्र गाजर गवतापासून करून चालणार नाही. वनस्पतीच्या स्पर्शाने अंग उठते, हे ज्ञान मराठी माणसाला फार जुने आहे. त्यासाठी भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे : उतणे. 'बिबा उतला' म्हणजे बिब्ब्याचे तेल लागून अंगावर फोड आले, सूज आली, खाज सुटली. चांगल्या कामात विघ्न आणणाऱ्याला 'बिब्बा घातला' म्हणतात, त्यामागेही हाच अनुभव असावा. विशेष म्हणजे बिब्बा सर्वांना सारखा उतत नाही. एकाला थेंबभर तेलाने आठवडाभर त्रास होतो, तर दुसरा तेच तेल हाताळूनही निर्धास्त राहतो. हा भेद लोकांच्या ध्यानात होता. त्याचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

३/ बिब्बा म्हणजे संस्कृतातील भल्लातक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायन म्हणून त्याचे प्रयोग सांगितले आहेत. त्यांतील एका प्रयोगात दहा फळांपासून आरंभ करून रोज एक-एक वाढवत तिसांपर्यंत जायचे आणि पुढे तसेच उतरत यायचे, असा क्रम आहे. सेवनापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, अशीही सूचना आहे. ग्रंथकाराला या फळाचा दाहकपणा नीट ठाऊक होता, हे त्यावरून स्पष्ट होते. (हे इतिहास म्हणून वाचावे. बिब्ब्याचे प्रयोग घरी कोणीही करून पाहू नयेत.)

४/ बिब्ब्याचा दुसरा उपयोग धोब्यांचा. त्याच्या काळ्या रसाने कपड्यावर केलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही; म्हणूनच इंग्रजीत या फळाला 'खुणेचे फळ' अशा अर्थाचे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांचे कपडे येथील धोबी धूत. काही सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमके जेथे धोब्याची खूण अंगाला टेके तेथे, चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकांत या विकाराची वर्णने प्रसिद्ध केली आणि 'धोबी-खुणेचा त्वचादाह' जगाला परिचित झाला.

५/ रसायनशास्त्र तोवर बिब्ब्यापर्यंत पोचले होते. १९३१ साली पी. पी. पिल्ले आणि सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी बिब्ब्याच्या रासायनिक तपासणीवरील निबंध प्रसिद्ध केला. त्यातील त्रासदायक द्रव्य भिलावनॉल या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील 'पॉयझन आयव्ही' या कुप्रसिद्ध वेलीतील उरुशिऑल हे त्याचे जवळचे नातलग. सैनिकांना बिब्बा का उतला याचा उलगडा यात आहे : त्यांच्यापैकी अनेकांची ओळख या कुळातील विषाशी मायदेशीच झालेली असणार. आंबा आणि काजू हेही याच कुळातले. कैरीचा चीक ओठाला लागून उततो आणि काजूच्या टरफलाचे तेल कारखान्यातील बायांचे हात सोलवटते, ते याच घराण्याच्या गुणाने.

६/ आता 'अ‍ॅलर्जी' या शब्दाकडे वळू. १८९५ साली योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने संशयित द्रव्य रुग्णाच्या कातडीवर पट्टीखाली ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची पद्धत मांडली. हीच आजची 'पॅच टेस्ट'. १९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. बाहेरच्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची पुढची प्रतिक्रिया बदलते, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे अ‍ॅलर्जी ही एका अर्थी शरीराची आठवण आहे.

७/ एक कोडे मात्र उरले. रोगप्रतिकारक यंत्रणेला जंतूंची मोठी प्रथिने ओळखता येतात. पण वनस्पतीतील द्रव्याचे रेणू फारच लहान. ते तिच्या नजरेत भरतात कसे? रक्तगटांचा शोध लावणारा कार्ल लँडस्टायनर याने जॉन जेकब्ज याच्यासह १९३५ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून याचे उत्तर पुढे आणले : लहान रेणू कातडीतील प्रथिनाला चिकटतो आणि त्या जोडगोळीला शरीर परके मानते. १९४२ साली लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी दाखवले की ही अ‍ॅलर्जी एका गिनिपिगाकडून दुसऱ्याकडे पेशींबरोबर जाते. पुढे या पेशी 'टी' पेशी म्हणून ओळखल्या गेल्या.

८/ म्हणूनच असा त्वचादाह दम्यासारखा किंवा शिंकांसारखा काही मिनिटांत उठत नाही. टी पेशी जमायला वेळ लागतो. स्पर्श आज, तर खाज उद्या किंवा परवा. पहिल्या स्पर्शाला बहुधा काहीच होत नाही. शरीर तेव्हा केवळ ओळख पटवून ठेवत असते. शेतकरी म्हणतो, 'वर्षानुवर्षे हे गवत हातांनी उपटले, कधी काही झाले नाही, आत्ताच कसे?' त्याचे म्हणणे खरे असते. हा आजार अनेकदा वर्षांच्या सहवासानंतरच प्रकटतो.

९/ आता रंगमंचावर गाजर गवत येते. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ते लिनियसने १७५३ साली दिले. मूळ ठिकाण मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा उष्ण अमेरिकन प्रदेश. नावात 'गवत' असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंतीच्या कुळातील ते झुडूप आहे. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एक जोमदार रोप हजारो बिया धरते. बी इतके बारीक आणि हलके की वारा, पाटाचे पाणी, जनावराचे खूर, ट्रॅक्टरचे चाक, शेणखताची गाडी, सारेच त्याचे वाहन बनतात.

१०/ भारतातील नोंदीची गोष्ट पुण्यात घडते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम मंडळ तेथे १९५५ साली सुरू झाले. त्याच वर्षी आर. शेषगिरी राव यांना पुण्यातील उकिरड्यांवर ही अपरिचित रोपे तुरळक दिसली. १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी 'भारतासाठी नवी नोंद' म्हणून टिपण प्रसिद्ध केले. त्या उकिरड्यांवरची मूठभर रोपे पुढे देशभर पसरतील, हे तेव्हा कोणाला वाटले असते?

११/ तुरळक रोपांचा पसारा व्हायला फार काळ लागला नाही. १९६८ साली पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 'इंडियन फार्मिंग'मधून महाराष्ट्राच्या पिकांना आणि कुरणांना या तणाचा धोका असल्याचा इशारा दिला. (माधव गाडगीळ यांच्यासमवेत देवरायांचा अभ्यास करणारे ते हेच वर्तक.) त्याच वर्षी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण करून राहुरीला, म्हणजे देवळाली प्रवरेच्या शेजारीच, आपले ठाणे मांडले. या विद्यापीठाच्या वयाची पिढी गाजर गवताबरोबरच वाढली आहे.

१२/ प्रवराकाठी या तणाला अनुकूल भूमी आयती मिळाली. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोरडवाहू मुलूख बागायती झाला, ऊस आला आणि साखर कारखाने उभे राहिले. बागायतीबरोबर उकरलेली माती, भराव, चाऱ्या, गाडीवाटा आणि सदैव ओलसर बांधही आले. गाजर गवताला नांगरटीखालच्या राना-इतकीच अशी मोकळी, विस्कटलेली, कोणाच्याच मालकीची नसलेली जागा प्रिय असते.

१३/ आणि मग माणसे उतू लागली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुण्याच्या परिसरातील शेतकरी आणि मजूर एका विचित्र त्वचारोगाने त्रस्त होऊन दवाखान्यांत येऊ लागले. पापण्या सुजलेल्या, चेहरा आणि मान काळवंडलेली, कोपराच्या लवणी चिघळलेल्या, कातडी चामड्यासारखी जाड. पहिल्या नोंदींतील रुग्ण बहुतांशी प्रौढ पुरुष होते. डॉ. लोणकर यांनी या विकाराचा पाठपुरावा केला. लंडनचे सी. डी. कॅल्नन आणि कॅनडाचे जे. सी. मिचेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९७४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पुण्याची साथ जगाच्या वैद्यकशास्त्रात नोंदली गेली.

१४/ 'साथ' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पण तण जसे गावोगाव सरकले, तसे रुग्णही गावोगाव दिसू लागले. जंतूशिवायची साथ असे तिचे वर्णन करता येईल. वाहक होता वारा. वाळलेल्या पाना-देठांवरील सूक्ष्म केस मोडून धुळीत मिसळतात आणि कपड्याबाहेर राहिलेल्या अंगावर बसतात. त्यामुळे झुडपाला हात न लावताही पापण्या सुजू शकतात, आणि हातमोजे घातले तरी रक्षण पुरे होत नाही.

१५/ दोषी द्रव्य कोणते? पार्थेनिन. अमेरिकेत व्हेर्नर हर्झ आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली त्याची रेणुरचना उलगडली होती. ते रुग्णांच्या त्वचादाहाचे कारण आहे का, हे तपासण्याचे काम पुण्यातच झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील बी. ए. नागसंपगी, सी. आर. नारायणन आणि सहकाऱ्यांसह लोणकर यांनी १९७६ साली गाजर गवतातील 'अँटिजेन'वरचा निबंध प्रसिद्ध केला. एकाच शहरात तण प्रथम नोंदले गेले, रुग्ण ओळखले गेले आणि विषही तपासले गेले.

१६/ पार्थेनिन हे सेस्क्विटर्पिन लॅक्टोन या वर्गातील द्रव्य. त्याच्या रेणूला जणू एक आकडा आहे. कातडीतील प्रथिनांत गंधकयुक्त सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, त्यात हा आकडा पक्का अडकतो. पुढचा प्रकार लँडस्टायनरने सांगितलेलाच : बदललेले प्रथिन परके ठरते, टी पेशी त्याची ओळख जपून ठेवतात आणि पुढच्या प्रत्येक भेटीला दाह उठवतात. झुडपाच्या दृष्टीने हे त्याचे संरक्षण आहे. हेच द्रव्य जमिनीत उतरून शेजारच्या रोपांची उगवण दाबते. गुरे सहसा या झुडपाला तोंड लावत नाहीत, आणि खाल्लेच तर दूध कडवट होते.

१७/ आकडा ओळखून ठेवलेले शरीर त्याच्या भावंडांनाही ओळखते. गाजर गवताच्या काही रुग्णांना शेवंती, सूर्यफूल किंवा शंकेश्वर या तणाच्या स्पर्शानेही त्रास होतो, कारण त्यांतही याच वर्गातील द्रव्ये असतात. फुलशेती करणाऱ्या घरात हा आजार शिरला, तर मालक तणापासून दूर जाऊनही सुटत नाही. याखेरीज परागकणांमुळे नाक वाहणे आणि शिंका हा वेगळ्या जातीचा, झटकन उठणारा त्रास. त्याचा अभ्यास बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी विशेषत्वाने केला.

१८/ आता त्या अमेरिकन गव्हाकडे वळू. प्रचलित कथा अशी : पीएल-४८० कराराखाली आलेल्या गव्हात गाजर गवताचे बी होते. तारखा मांडून पाहा. अमेरिकेत हा कायदा झाला १० जुलै १९५४ रोजी. भारताशी त्याखालील पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. राव यांनी पुण्यात रोपे पाहिली १९५५ साली. म्हणजे ज्या कराराला आपण दोष देतो, त्यावर सही होण्यापूर्वीच रोपे उकिरड्यावर उभी होती.

१९/ मग अमेरिकन गहू निर्दोष ठरतो काय? इतकी घाई नको. पीएल-४८० च्या आधीही गहू आला होता. १९५१ साली अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेने भारताला १९ कोटी डॉलरचे गहूकर्ज मंजूर केले होते. त्या जहाजांतून बी आले असणे अशक्य नाही. शिवाय १९५६ नंतर वर्षानुवर्षे आलेल्या धान्याने नव्या बियांची भर घातली असू शकते. 'पहिले आगमन' आणि 'मोठा फैलाव' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोककथेने त्यांचा एकच प्रश्न करून टाकला.

२०/ जुने पुरावे तर कथेला आणखी मागे नेतात. विल्यम रॉक्सबर्ग याच्या १८१४ च्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या कलकत्त्याच्या उद्यानाच्या सूचीत या वनस्पतीचे नाव असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहातील ब्रँडिस यांच्या १८८० च्या नमुन्याचाही दाखला दिला जातो. तेव्हा 'नवी नोंद' १९५६ ची असली, तरी ओळख त्याहून जुनी. पण बागेतील एक रोप आणि रानभर माजलेले तण यांत मोठे अंतर आहे. जुन्या रोपांपासून पुण्याचे तण उपजले, असे या नोंदी सिद्ध करत नाहीत.

२१/ तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया पाहू. क्वीन्सलंडमध्ये हे तण प्रथम सापडले तेही १९५५ सालीच. तेथे त्याचा संबंध महायुद्धकाळातील अमेरिकन विमानसामग्रीशी जोडतात. १९६० साली दुसऱ्यांदा ते आले, ते अमेरिकेतून मागवलेल्या कुरणाच्या बियाण्यातून. इथिओपियात काहीजण मदतीच्या धान्याला दोष देतात, काहीजण लष्करी वाहनांना. युद्ध, मदत आणि व्यापार यांनी जग जोडले जात असताना बीही त्याच वाटांनी फिरले. एखादा देश किंवा एखादा करार यावर सारे खापर फोडणे सोपे असते. पण वाटा अनेक होत्या.

२२/ 'काँग्रेस गवत' या नावाचीही दोन स्पष्टीकरणे ऐकू येतात. पांढरे फूल गांधी टोपीसारखे दिसते म्हणून, किंवा धान्य आयात करणारे सरकार काँग्रेसचे होते म्हणून. दुसऱ्या स्पष्टीकरणात अन्नासाठी परक्यापुढे हात पसरावा लागल्याची त्या काळची सल आहे. म्हणून हे नाव तणाच्या प्रवासाचा पुरावा ठरत नाही. ते लोकभावनेचा पुरावा आहे, आणि इतिहासात त्याचेही मोल आहे. 'चटक चांदणी' हे तिसरे नाव राजकारणापासून दूर राहिले : चांदणीसारखे फूल, आणि अंगाला बसणारा चटका.

२३/ नियंत्रणाचे प्रयत्न झाले. कर्नाटकाने १९७५ साली कायद्याने याला उपद्रवी तण ठरवले. १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर तो सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो. पण कोरड्या महिन्यांत जमिनीत दडून बसतो, आणि बी तोवर पडून गेलेले असते. तरोट्याच्या जातीतील एक झुडूप काही भागांत गाजर गवताला हटवताना दिसले. आजही १६ ते २२ ऑगस्ट हा सप्ताह या तणाविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. उपटायचे ते फुलावर येण्यापूर्वी, हा त्यातील मुख्य धडा.

२४/ रुग्णांसाठी काय? मलमे आहेत, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत, आणि सर्वांत खरा उपाय म्हणजे तणापासून दूर राहणे. एक वेगळा प्रयत्न चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेत झाला. संजीव हांडा आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना गाजर गवताचा अर्क वाढत्या मात्रेने तोंडावाटे देऊन शरीराला त्या द्रव्याची सवय लावण्याचा प्रयोग होता. अनेकांना उतार पडला, काहींचा त्रास उलट वाढला. दाह उठवणारे द्रव्य दाह शमवण्यासाठी वापरण्याचा हा मार्ग वैद्यांच्या देखरेखीखालचाच आहे. तो आजही सर्वमान्य उपचार बनलेला नाही.

२५/ 'दूर राहा' हा सल्ला कोणाला देता येतो, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. बिब्बा उतलेला अमेरिकन सैनिक खुणेचा सदरा टाकून देऊ शकत होता. प्रवराकाठच्या शेतकऱ्याला बांध टाकून देता येत नाही, आणि रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईला रोज बुडवता येत नाही. ज्या वाऱ्यात काम करायचे, त्याच वाऱ्यात पार्थेनिन असते. रेणू सर्वांसाठी सारखा. त्यापासून पळण्याची मुभा मात्र सारखी नाही.

२६/ म्हणून पुढच्या वेळी 'हे अमेरिकेच्या गव्हातून आले' असे कोणी म्हटले, तर १९५५ आणि १९५६ ही दोन वर्षे त्याला सांगा. मग आणखी एक गोष्ट विचारा : गावात कोणाच्या पापण्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सुजतात का, मान काळवंडते का? असे कोणी असेल तर 'रक्त बिघडले' म्हणून ते अंगावर काढू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्टविषयी विचारावे. तण कोठून आले याचा वाद अभ्यासक करत राहतील. ते कोणाला उतते आहे, हे मात्र आपल्याला आजच पाहता येते.

धागा समाप्त. आपल्या भागात या तणाला वेगळे नाव असेल, किंवा ते प्रथम कधी दिसले याची घरातील वडीलधाऱ्यांना आठवण असेल, तर गावाच्या आणि सालाच्या उल्लेखासह खाली अवश्य लिहा. अशा आठवणींतूनच त्याच्या फैलावाचा नकाशा भरत जातो.

#इतिहास #गाजरगवत #देवळालीप्रवरा